माळ्यावरची जुनी बंदूक ओळखायची कशी?

खंडेनवमी जवळ आली की मला धास्ती वाटायला लागते. कोल्हापुरात आणि पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगडाकडच्या गावांत त्या आठवड्यात माळ्यावरची, पेटाऱ्यातली, देवघरामागची हत्यारं पूजेसाठी खाली येतात. तलवार येते, पट्टा येतो, भाल्याचं पातं येतं आणि एखाद्या घरात बंदूक येते. मग घरातला हौशी मुलगा पॉलिश पेपर घेऊन बसतो. कुणी चिंच लावतं, कुणी राख. संध्याकाळी नळी नव्या कढईसारखी चमकते आणि सगळे खूश होतात. पण गंजाबरोबर नळीवरचे शिक्केही घासून गेलेले असतात. ती बंदूक कुठली, कधीची, कुणासाठी बनलेली, हे सांगणारा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार त्या दुपारी घरच्यांच्याच हातून जातो.

अशी बरीच घरं पाहिल्यावर हे लिहायला बसलो आहे. घरात नाव-गाव माहीत नसलेली जुनी बंदूक असेल तर ती ओळखण्याचा रस्ता आहे. त्याला परदेशी तज्ज्ञ लागत नाही, महागडी उपकरणं लागत नाहीत. लागतो तो क्रम, आणि एक पथ्य: आधी लोखंडाला विचारायचं, मग घरातल्या गोष्टीला. आजोबांनी सांगितलेली हकीकत मोलाची असते, पण ती सुरुवातीलाच खरी धरली की माणूस बंदुकीकडे नीट बघतच नाही.

पहिलं काम: ती भरलेली आहे असंच धरून चाला

हे मी सगळ्यात आधी सांगतो आणि यावर कुणाशी वाद घालत नाही. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासायच्या, बंदुका भरून ठेवायची पद्धत होती. डुक्कर शेतात आलं तर रात्रीच्या अंधारात दारू ठासायला वेळ कुठला? भरलेली बंदूक खुंटीला टांगलेली असायची. टांगणारा माणूस गेला, बंदूक तशीच राहिली. काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेट घेते. शंभर वर्षं झाली म्हणून ती मेली असं होत नाही.

शाहूवाडी तालुक्यातल्या एका घरात मी स्वतः हे पाहिलं. बंदूक सोप्यातल्या भिंतीवर होती, खाली पोरांची अंथरुणं. घरच्यांच्या मते ती तीन पिढ्या रिकामीच होती. काडी घालून पाहिली तर ती तळापासून चांगली चार बोटं अलीकडेच अडली.

ही काडीची परीक्षा अशी करायची. आधी घोड्याखाली, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या हातोडीखाली, बघा. तिथल्या निपलवर, म्हणजे छोट्या पोकळ नळकांडीवर, तांब्याची छोटी टोपी बसलेली दिसली, किंवा घोडा मागे ओढलेला असला, तर पुढचं काहीच करू नका. तसं नसेल तर बंदूक जमिनीवर आडवी ठेवा, तोंड मोकळ्या भिंतीकडे. लाकडाची किंवा बांबूची सरळ काडी घ्या. लोखंडी गज किंवा सळई अजिबात नको. नळीच्या तोंडासमोर शरीर येऊ न देता, बाजूला बसून, दोन बोटांत धरून काडी अलगद आत सरकवा. जिथे थांबेल तिथे नळीच्या तोंडाशी पेन्सिलीची खूण करा. काडी बाहेर काढून नळीच्या बाहेरून तेवढीच लांबी लावून बघा. काडीचं टोक कानापर्यंत, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकापर्यंत, किंवा निपलच्या रेषेपर्यंत पोचत असेल तर नळी मोकळी आहे. दोन-चार बोटं अलीकडे थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते कुंभारीण माशीचं मातीचं घरही असू शकतं, चिंधीचा बोळाही असू शकतो. तरी ती भरलेली आहे असंच समजायचं. उकरायचं नाही, गरम करायचं नाही, ड्रिल लावायचं नाही. खोली बंद करून पोलिसांना कळवायचं.

मागून उघडणारी काडतुसाची बंदूक असेल आणि ती सहज उघडत असेल तर आत डोकावून बघा. अडकत असेल तर जोर करू नका. आत काडतूस दिसलं तर तेही तसंच राहू द्या. आणि घोडा ओढून “चालतो का” हे बघायचा मोह टाळा. जुनी कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, त्या एका झटक्यात मोडते.

दुसरं काम: परवाना

“जुनी आहे, शोभेची आहे, तिला कसला परवाना?” हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकतो आणि ते बऱ्याचदा चूक असतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे. पण त्याला जोडलेली अट लोक वाचत नाहीत. ते हत्यार दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. म्हणजे नळी सलग आहे, कान मोकळा आहे, घोडा पडतो आहे, अशी दीडशे वर्षांची ठासणीची बंदूकही कायद्याच्या नजरेत बंदूकच असू शकते. याच कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे, यावरूनच काय ते समजा.

आधी घरातले कागद शोधा. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचा शेतीसंरक्षणाचा परवाना निघाला तर तो नूतनीकरण झालेला आहे का ते बघा. परवानाधारक वारले असतील तर वारसाने बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पुढचा अर्ज करायचा असतो. काहीच कागद नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा, फोटो जोडा, पोच घ्या आणि एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या. सूट लागू होते की नाही हे ठरवणं तुमचं किंवा माझं काम नाही. आणि शेत नांगरताना, पाया खणताना जमिनीतून निघालेली वस्तू असेल तर तिला १८७८ चा गुप्तधन कायदा लागतो. ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते.

या सगळ्याआधी ती गोणपाटात गुंडाळून केएमटीच्या बसने संग्रहालयात किंवा माझ्यासारख्याकडे घेऊन यायचं नाही. ओळखण्यासाठी फोटो आणि मापं पुरतात. खरं तर हातात घेऊन मिरवण्यापेक्षा चांगल्या फोटोंतून जास्त कळतं.

तिसरं काम: पुसायच्या आधी फोटो

स्वच्छ पांढऱ्या चादरीवर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. पूर्ण बंदूक उजवीकडून, पूर्ण बंदूक डावीकडून, वरून, खालून. मग घोड्याचा भाग जवळून. नळीचं तोंड समोरून. नळीचा मागचा एक वीतभर भाग चारी बाजूंनी, कारण शिक्के बहुतेक तिथेच असतात. दस्त्याचं, म्हणजे लाकडी बुंध्याचं, टोक, त्यावरचा पत्रा, चापाभोवतीचं कडं, गजाची, म्हणजे ठासायच्या सळईची, नळी. प्रत्येक जवळच्या फोटोत मोजपट्टी ठेवा.

पुसट शिक्का वाचायची युक्ती म्हणजे आडवा उजेड. खोलीत अंधार करा आणि टॉर्च नळीला जवळजवळ चिकटवून तिरका धरा. समोरून सपाट दिसणाऱ्या लोखंडावर अचानक मुकुट उभा राहतो, अक्षरं उमटतात. टॉर्च फिरवत चारी दिशांनी फोटो काढा. एका दिशेत न दिसणारी रेघ दुसऱ्या दिशेत दिसते. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने ठसा घेतला तरी चालतं. खडूची पूड, शेंदूर, रंग भरू नका.

धूळ मऊ ब्रशने झटका. लाल भुकटी सुटत असेल तर सुती कापडावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घेऊन हलकं टिपा, लाकडाला तेल लागू देऊ नका. काळसर तपकिरी झालेला जुना थर मुळीच काढायचा नाही. इथेच थांबायचं.

चौथं काम: ती पेट कशी घेते ते बघा

बंदुकीचं कूळ ठरतं ते दारू पेटवण्याच्या तऱ्हेवरून. ढोबळ चार कुळं आहेत.

तोड्याची बंदूक सगळ्यात जुन्या धाटणीची. तोडा किंवा जामगी म्हणजे जळती वात. ती सापाच्या मानेसारख्या एका वाकड्या आकड्यात धरलेली असते. चाप ओढला की आकडा खाली येतो आणि नळीच्या उजव्या बाजूला असलेल्या रंजकाच्या, म्हणजे पेट देणाऱ्या दारूच्या, वाटीत वात टेकते. हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीत हा आकडा बहुधा दस्त्याच्या लाकडातल्या खाचेतूनच वर येतो, बाहेर पट्टी-कमानींचा पसारा दिसत नाही. दस्ता सरळ, बारीक, कापला तर पंचकोनी दिसेल असा. नळी लांबलचक, लाकडाला तारेच्या किंवा कातड्याच्या वेढ्यांनी बांधलेली. कुर्गी बंदुकीचा दस्ता खोल वळणाचा आणि रुंद असतो, सिंध-अफगाण बाजूच्या बंदुकीचा दस्ता कोयत्यासारखा वाकतो, त्यामुळे लाकडाचा आकार प्रांत सांगतो. साल मात्र सांगत नाही. तोड्याच्या बंदुका आपल्याकडे सोळाव्या शतकापासून एकोणिसावं शतक बरंच सरेपर्यंत वापरात होत्या. तोड्याची बंदूक दिसली की लोक लगेच “शिवकालीन” म्हणून मोकळे होतात. तीनशे वर्षांच्या पट्ट्यातलं एक टोक निवडायला काहीतरी पुरावा लागतो, आणि तो फारच थोड्या बंदुकांवर असतो.

चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते, समोर एक उभी पोलादी पट्टी, तिच्याखाली रंजकाची वाटी. गारगोटी पट्टीवर आपटते, ठिणगी वाटीत पडते. आपल्याकडे सापडणाऱ्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींच्या बंदुका ओळखायला सोप्या, त्याबद्दल पुढे.

टोपीच्या बंदुकीत वाटी नाही आणि गारगोटीही नाही. नळीच्या मागच्या अंगाला एक पोकळ निपल, त्यावर तांब्याची टोपी, तिच्यावर घोडा हातोडीसारखा आपटतो. ही तऱ्हा १८०७ नंतरच्या शोधांतून आली, १८२०-३० च्या दशकांत पसरली आणि ब्रिटिश फौजेने १८४० च्या सुमारास उचलली. आपल्याकडच्या घरांत मला सगळ्यात जास्त दिसते ती हीच.

चौथं कूळ मागून काडतूस भरायच्या बंदुकांचं. उजवीकडे उघडणारं बिजागरीचं झाकण असेल तर १८६६ ची स्नायडर धाटणी. चापामागे खाली ओढायचा लांब दांडा असेल आणि बाहेर घोडाच नसेल तर १८७१ ची मार्टिनी-हेन्री. मधे मोडून उघडणारी दुनळी असेल तर शिकारीची बंदूक. बोल्ट मागे ओढायची ती बहुधा त्यानंतरची, आणि ती हाती आली तर ओळखपाळख बाजूला ठेवून थेट पोलीस ठाणं.

आता या पायरीतली मोठी फसगत. पेट घेण्याची तऱ्हा फक्त एवढंच सांगते की बंदूक अमुक सालाच्या आधीची नाही. ती किती नंतरची आहे हे सांगत नाही. लोहार जुन्याच धाटणीच्या बंदुका करत राहिले, युरोपातले कारखाने बाहेरच्या बाजारांसाठी टोपीच्या बंदुका विसाव्या शतकातही करत होते. उलट बाजूही आहे: चकमकीच्या कित्येक बंदुका नंतर टोपीवर बदलल्या. घोडा बसवलेल्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर रिकामी, बुजवलेली भोकं दिसली तर बंदूक आधी चकमकीची होती हे ओळखा.

पाचवं काम: मापं

कोल्हापुरात व्हर्नियर कॅलिपर मिळवणं अवघड नाही. शिवाजी उद्यमनगरात ओळखीचा टर्नर नसलेलं घर विरळाच. एका संध्याकाळीपुरतं मागून आणा. एकूण लांबी, नळीची लांबी (तोंडापासून तळापर्यंत, काडीने मोजलेली), आणि नळीच्या तोंडाचा आतला व्यास, आडवा आणि उभा असा दोनदा, मिलिमीटरमध्ये. गजाने घासून तोंड लंबगोल झालेलं असतं, म्हणून दोनदा. शिवाय टॉर्च मारून आत बघा: भिंत गुळगुळीत आहे की पिळाच्या खाचा आहेत?

शिकारी बंदुकांत “बारा बोअर” म्हणतात त्याचा अर्थ बंदूकवाल्यांनाही नेहमी माहीत नसतो. त्या नळीत बरोब्बर बसेल अशी शिशाची गोळी केली तर एका पौंडात अशा बारा गोळ्या होतात. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. दहा बोअर सुमारे १९.७ मिलिमीटर, बारा १८.५, सोळा १६.८, वीस १५.६.

फौजी बंदुकांची मापं वेगळी आणि फार बोलकी. कंपनीची चकमकीची बंदूक साधारण १९ मिलिमीटर व्यासाची, नळी ३९ इंच. १८५३ ची एनफील्ड रायफल .५७७ इंच म्हणजे १४.७ मिलिमीटर, तिचीही नळी ३९ इंचच, तीन कड्यांनी लाकडाला जखडलेली आणि आत पिळाच्या खाचा.

इथे जरा थांबतो, कारण हा भाग आपल्या गावाशी जोडलेला आहे. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात सत्ताविसाव्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांनी बंड केलं. उत्तरेतलं आणि इथलं ते सगळं पाहिल्यावर इंग्रजांनी ठरवलं की हिंदी शिपायाच्या हातात लांब पल्ल्याची रायफल द्यायची नाही. मग १८५८ चा नमुना निघाला: दिसायला हुबेहूब एनफील्ड, पण नळी आतून खरवडून गुळगुळीत केलेली, व्यास .६५६ इंच म्हणजे १६.७ मिलिमीटर, आणि नेम धरायची वर-खाली होणारी शिडी काढून तिथे एक साधी स्थिर खाच. खरवडल्याने नळी इतकी पातळ झाली की ती वाकायला, फुगायला लागली. म्हणून पुढच्याच वर्षी जाड नळीचा नमुना काढावा लागला. तुमच्या घरची बंदूक तीन कड्यांची, एनफील्डसारखी, आणि आत गुळगुळीत, साडेसोळा-सतरा मिलिमीटरची निघाली, तर तुमच्या हातात त्या अविश्वासाचं लोखंडी रूप असू शकतं. मी पहिल्यांदा असा आकडा कॅलिपरवर वाचला तेव्हा बराच वेळ काही बोललो नाही. मात्र मोडीत काढलेल्या खऱ्या रायफलीही नंतर खरवडून शिकाऱ्यांना विकल्या गेल्या, म्हणून नेम धरायची खाच बघा: शिडी बसवल्याच्या झाळकामाच्या खुणा नळीवर असतील तर ती आधी रायफल होती.

सहावं काम: शिक्के

बाजूच्या पट्टीवर मुकुट आणि त्याखाली इंग्रजी अक्षरं असतील तर ती राजाची किंवा राणीची आद्याक्षरं. “जी.आर.” म्हणजे जॉर्ज, “डब्ल्यू.आर.” म्हणजे चौथा विल्यम, १८३० ते १८३७. “व्ही.आर.” म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. “ई.आर.” म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. घोटाळा होतो तो जॉर्जवरून, कारण पहिले चार जॉर्ज १७१४ ते १८३० आणि पाचवा, सहावा १९१० ते १९५२. चकमकीच्या बंदुकीवरचा जॉर्ज जुना, बोल्टच्या रायफलीवरचा नवा. “टॉवर” हा शब्द लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रागाराचा, बनवणाऱ्याचं नाव नव्हे. “टॉवर” आणि साल एकत्र असतील तर साल पट्टीचं; नळी नंतर बदललेली असू शकते.

कंपनी सरकारची खूण वेगळी. आधी हृदयाच्या आकाराचा, चार भागांत विभागलेला शिक्का, त्यात कंपनीची अक्षरं. १८०८ पासून त्याची जागा मागच्या पायांवर उभ्या, पुढच्या पंजांत मुकुट धरलेल्या सिंहाने घेतली. त्यामुळे हृदय की सिंह, एवढ्यावरून बंदूक १८०८ च्या आधीची की नंतरची ते कळतं.

नळीवरचे छोटे शिक्के परीक्षागृहाचे. नळीत जास्तीची दारू भरून उडवायची, फुटली नाही तर ठसा मारायचा, अशी ही पद्धत. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ ची सनद आहे. त्यांचे ठसे म्हणजे मुकुटाखाली गुंफलेली “जी-पी” ही अक्षरं आणि मुकुटाखाली “व्ही”. हा “व्ही” व्हिक्टोरियाचा नव्हे, तपासणीचा. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ चं. तिथला ठसा म्हणजे मुकुट आणि एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड, त्यांच्या फटींत अक्षरं. तो १९०४ पर्यंत चालला. पत्त्यातल्या चौकटसारख्या आकारात बाराचा आकडा आणि खाली “सी” दिसलं तर ती काडतुसाच्या घराची खूण, १८८७ नंतरची. “नॉट फॉर बॉल” असे शब्द असतील तर १८७५ ते १८८७ ही बारा वर्षं पक्की.

बेल्जियममधल्या लिएजचा ठसा आपल्याकडे फार सापडतो, कारण तिथून स्वस्त बंदुका जगभर जायच्या. अंडाकृती चौकटीत “ई, एल, जी” ही अक्षरं, खाली तारा. १८९३ मध्ये या अंड्यावर मुकुट चढला. मुकुट आहे की नाही, इतकंच बघायचं.

या एका मुकुटाने एका घरातली शंभर वर्षांची गोष्ट हलवली. पन्हाळ्याखालच्या एका गावातल्या आजोबांकडे टोपीची एकनळी होती. ती १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडातली, त्यांच्या पूर्वजाने गडावर चालवलेली, असं घरात सांगत आले होते. सामानगड, भुदरगड, पन्हाळा या गडांवरच्या लोकांनी तेव्हा खरंच हत्यार उचललं होतं, आणि त्या घराचं आडनावही गडावरच्या नोकरीचं. गोष्टीत अशक्य काहीच नव्हतं. टॉर्च तिरकी धरली आणि निपलच्या शेजारी अंडं दिसलं, त्यावर स्वच्छ मुकुट. १८९३ नंतरची नळी. आजोबांना सांगताना माझा घसा दाटला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मग आमच्या पणज्याची ती कुठं गेली, बाळा?” तो प्रश्न माझ्यापेक्षा शहाणा होता. बंडानंतर गडकऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, पुढे १८५७ नंतर हत्यारं काढून घेतली गेली. घरात जुनी बंदूक असेलही, ती गेली असेल, तिची गोष्ट मात्र नव्या बंदुकीला चिकटून राहिली. गोष्ट खोटी नव्हती, बंदूक दुसरी होती.

देशी बंदुकांवर शिक्के कमी. नळीवर “श्री”, फुलं, टिंबाटिंबांनी ठोकलेले देवनागरी आकडे असतात. आकडे म्हणजे बहुधा संस्थानी शस्त्रागारातला नोंदक्रमांक. बिकानेरच्या शस्त्रागाराच्या अशा टिंबांच्या खुणा प्रसिद्ध आहेत. लोक तो आकडा शक किंवा संवत समजून बंदूक दोनशे वर्षं मागे नेतात. इंग्रजी नाव कोरलेलं असूनही अक्षरं उलटी किंवा स्पेलिंग चुकलेलं असेल तर देशी किंवा सरहद्दीवरच्या कारागिराने पाहून केलेली नक्कल समजा. मुंगेरसारख्या ठिकाणी विलायती धाटणीच्या बंदुका पिढ्यान् पिढ्या बनत आल्या आहेत, आणि त्यातलं काम कधी कधी अस्सलइतकंच देखणं असतं.

शोभेची आहे का?

हे झटकन उरकता येतं. जुन्या बाजारात भिंतीवर लावायला केलेल्या पितळी पत्र्याच्या, हाडाच्या तुकड्यांनी मढवलेल्या “प्राचीन” बंदुका भरपूर मिळतात. नळीत टॉर्च मारा: आत सांध्याची सरळ रेघ दिसली तर ती पाण्याची पाइप. कानाचं भोक नळीत आरपार गेलेलंच नसेल तर ती कधी उडालीच नाही. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू विसाव्या शतकातला. खऱ्या वापरातल्या बंदुकीचं लाकूड जिथे गाल आणि हात लागतो तिथे झिजतं; मुद्दाम जुनी केलेली सगळीकडे सारखीच काळी असते. खिळे मारून दुरुस्त केलेला, तारेने आवळलेला दस्ता पाहून मात्र नाक मुरडू नका. तसा दस्ता म्हणजे ती बंदूक कुणाला तरी लागत होती.

सातवं काम: कागद आणि माणसं

लोखंडाने जे सांगितलं ते एका बाजूला लिहून झालं की आता घरातली गोष्ट ऐका, शक्यतो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडून. पुरुष लढाया सांगतात. आजी सांगते की बंदूक कुठल्या खोलीत होती, कधी आली, कुणाच्या लग्नात उडवली. तारखा तिथून लागतात.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीचा परवाना, इनामाची सनद, नोकरीचा कागद घरात असेल तर तो बहुधा मोडी लिपीत असेल. संस्थानचं दफ्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. तिथे जाताना पूर्वजाचं पूर्ण नाव, गाव आणि लोखंडावरून काढलेला काळ हातात ठेवा. “आमच्या बंदुकीबद्दल काही आहे का” असं विचारून काही मिळत नाही. मोडी वाचणारी माणसं आपल्या शहरात आहेत, घरचे कागद त्यांना दाखवा.

तुलनेसाठी न्यू पॅलेसमधलं संग्रहालय आणि टाउन हॉलचं संग्रहालय पाहा. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातली शस्त्रं पाहा. फोटो काढायची परवानगी नसेल तर वहीत दस्त्याचं वळण आणि घोड्याचा आकार काढून आणा. काढताना डोळा जे टिपतो ते मोबाइल टिपत नाही. संग्रहालयातल्या लोकांना किंमत विचारू नका, ते त्यांचं काम नाही. विकायचा विचार असेल तर शस्त्र कायद्याखेरीज १९७२ चा पुरावस्तू कायदाही मधे येतो: शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी पाठवायला खाजगी माणसाला बंदी आहे.

शेवटचं काम: एक कागद

वहीचा एक ताव घ्या. डाव्या बाजूला जे दिसलं ते: मापं, शिक्के हाताने काढलेले, लाकूड, दुरुस्त्या. उजव्या बाजूला त्यावरून काढलेला अर्थ, आणि प्रत्येक अर्थासमोर खात्री किती हे एका शब्दात: पक्कं, बहुधा, ऐकीव. “१८९३ नंतरची, लिएज, टोपीची, पक्कं. शिकारीसाठी, बहुधा. १८४४ चं बंड, ऐकीव.” खाली घरातली गोष्ट, सांगणाऱ्याच्याच शब्दांत, सुधारणा न करता, सांगणाऱ्याच्या नावासह. तारीख घाला. एक प्रत परवान्याच्या किंवा पोलिसांच्या पोचपावतीच्या फाइलला लावा.

बंदूक कायदेशीररीत्या घरातच राहणार असेल तर ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका; आपल्याकडच्या पावसाळ्यात मागची बाजू दोन वर्षांत खाऊन जाते. खंडेनवमीला हळद-कुंकू आणि ओली फुलं लोखंडावर ठेवू नका, तिथे लाल डाग उठतात. पाट मांडा, बंदूक त्यावर आडवी ठेवा आणि गंध-फूल पाटाला वाहा. त्या पन्हाळ्याखालच्या घरात आता असंच करतात. बंदुकीशेजारी पाटावर तो कागदही ठेवतात, आणि त्यावरची “ऐकीव” म्हणून लिहिलेली ओळ आजोबा दरवर्षी नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवायला लावतात.